कीतोला (इक्वेडोर) आई-बाबांना घेऊन जातोय, काय बघावं, काय खावं?

भटकी_मनी

मंडळी,
नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं, नऊ वर्षांचा दिवटा आणि डोंबिवलीहून आलेले माझे आई-बाबा अशी पाच जणांची वरात इक्वेडोरला निघाली आहे. २४ डिसेंबर ते २ जानेवारी. ह्यूस्टनहून कीतोला थेट विमान आहे म्हणून ठरवलं, बाकी अभ्यास शून्य. जो तो सांगतो की कीतो म्हणजे गॅलापागोस बेटांवर जाताना रात्र काढायची जागा. गॅलापागोसचा पाच जणांचा हिशेब केला आणि लॅपटॉप मिटून ठेवला. तेव्हा सगळे दिवस कीतो आणि आसपासच.

आमच्या अटी आखुडशिंगी, बहुदुधी वगैरे आहेत. आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही, वर गुरुवारचा उपवास. बाबा ७१, बीपीची गोळी आणि कुरकुरणारे गुडघे. मुलाला फक्त विषुववृत्तावर उभं राहायचंय, त्याने शाळेत सगळ्यांना सांगूनही टाकलंय. दहा दिवस जास्त होतात का? आणि आईला खायला काय घालू?

कोरडा_कावळा

दोन दिवस पुरेत. एक दिवस चर्च, एक दिवस विषुववृत्त. तिसऱ्या दिवशी परत चर्च दाखवलंत तर आईच विचारतील, "अजून किती?"

ठिबकवाला

कावळेबुवांशी साफ असहमत. गुलाबांच्या हरितगृहांत ठिबक बसवायच्या कामावर मी तीन वर्षं कायांबे गावाजवळ होतो (हो, आपल्या तळेगावसारखीच पॉलिहाऊसं, पण नजर जाईल तिथवर). जवळजवळ प्रत्येक रविवारी कीतोत असायचो. तीन वर्षांत शहर संपलं नाही.

आधी शहराची ठेवण लक्षात घ्या. पिचिंचा ज्वालामुखीच्या कुशीत लांबलचक, चिंचोळं पसरलेलं गाव. उंची २,८५० मीटर, म्हणजे कळसूबाईवर पाऊण कळसूबाई. जुनं शहर १९७८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या अगदी पहिल्या यादीत आलं. त्या जुन्या शहराला निदान दोन सकाळी द्या. दुपारी बहुतेक वेळा पाऊस येतो, म्हणून सकाळीच.

ला कोम्पान्यिया चर्च आतून सोन्याच्या वर्खाने मढवलेलं आहे. १६०५ ला सुरू झालं आणि १७६५ ला पूर्ण, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या जन्माआधीपासून पानिपतानंतरपर्यंत काम चालूच. मला मात्र सान फ्रान्सिस्को जास्त आवडतं, तिथल्या पायऱ्यांच्या गोष्टीसाठी. कांतुन्या नावाच्या मूळनिवासी कारागिराने चर्चपुढचं प्रांगण बांधायचं काम घेतलं, मुदत संपत आली, काम अर्धवट. मग त्याने सैतानाशी सौदा केला: एका रात्रीत पूर्ण करून दे, आत्मा तुझा. पहाटेला काम पुरं झालं, पण एक दगड बसायचा राहिला होता. अट मोडली, सैतान हात चोळत गेला. तो रिकामा खाचा कुठे आहे ते तिथला प्रत्येक माणूस दाखवतो, आणि प्रत्येक जण वेगळीकडे दाखवतो. दिवट्याला शोधायला लावा, तासभर निश्चिंती.

बासिलिका या मोठ्या चर्चचे मनोरे बाबांना चढवू नका, वरच्या टप्प्यात उभ्या शिड्या आहेत. खालून भिंतींवरची पन्हाळी मात्र दाखवा. युरोपात तिथे राक्षस असतात, इथे इग्वाना, कासवं आणि आर्माडिलो आहेत.

शंकासुर

कीतो की किटो की क्विटो? भूगोलाच्या पुस्तकात आम्ही क्विटो शिकलो आणि त्याचे दोन गुणही मिळवले.

ठिबकवाला

कीतो. 'त' आपला दंत्य. क्विटो म्हणालात तर टॅक्सीवाला तुम्हाला विमानतळावरच परत सोडेल. विमानतळ २०१३ पासून शहराबाहेर ताबाबेलाला आहे, तेव्हा तो हेलपाटा परवडणारा नाही.

अर्धा_कप_चहा

आईंच्या जेवणाचं मी सांगते. स्पॅनिश शिकायला सहा महिने कीतोत होते, शाकाहारी राहून परत आले, आणि दोन किलो वाढवून.

पहिला धडा: "सिन कार्ने" म्हणजे मांस नको असं म्हणालात की हसतमुखाने चिकन आणून देतात. कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी गाईबैलाचं मांस, कोंबडी हा वेगळा प्राणी. "नी पोयो, नी पेस्कादो, नी हुएवो" (कोंबडी नाही, मासा नाही, अंडं नाही) असं जपासारखं म्हणायचं.

आता चांगलं. लोक्रो दे पापा हे बटाट्याचं दाट सूप, वर चीज आणि आवोकाडोची फोड. थंडीत स्वर्ग. पण कोंबडीच्या पाण्यात केलंय का ते विचारा. यापिंगाचो म्हणजे चीज भरलेली बटाट्याची टिक्की, सोबत शेंगदाण्याची सालसा. ती सालसा पहिल्यांदा चाखली तेव्हा मला आमच्या आजीची दाण्याची आमटी आठवली आणि पंधरा मिनिटं मी कुणाशी बोलले नाही. वरचं तळलेलं अंडं आणि सॉसेज काढायला सांगा.

रस्त्यावर चोचोस कोन तोस्तादो शोधा. चोचो हा पावट्याच्या जातीतला पांढरा दाणा, त्यात भाजलेला मका, कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, आणि आही ही तिखट चटणी. ही भेळच आहे, फक्त तिला ते कळलेलं नाही.

संध्याकाळी मोरोचो (भरडलेल्या मक्याची दुधातली दालचिनी घातलेली खीर) आणि एम्पानादा दे व्हिएंतो. पुरीसारखी टम्म फुगलेली, चीज भरलेली, वरून साखर भुरभुरवलेली. व्हिएंतो म्हणजे वारा. आत खरंच वाराच जास्त असतो.

एक सावधगिरी. मांतेका शब्द दिसला तर ती बहुधा डुकराची चरबी असते. किती खोलात जायचं ते आईंवर सोडा.

पाटपाणी

उपवासाची तर काळजीच नको! बटाटा, रताळं, शेंगदाणे, मिरची, राजगिरा आणि साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो युका, सगळी अमेरिका खंडाची देणगी, यातलं बरंचसं खास दक्षिण अमेरिकेचं. बरीचशी पोर्तुगीज गलबतांतून आपल्याकडे आली. काकूंच्या उपवासाच्या ताटाचं माहेर तिकडेच आहे.

कोरडा_कावळा

मग पोर्तुगीज यायच्या आधी आपल्या आज्या उपवासाला काय खायच्या?

पाटपाणी

काहीच नाही. म्हणून तर त्याला उपवास म्हणायचे.

शंकासुर

दंडवत घ्या, पाटपाणी.
जाता जाता, तिकडे गिनीपिग खातात ना? दिवट्याला आधीच सांगून ठेवा.

ठिबकवाला

खातात, कुई म्हणतात. अख्खा भाजून दातांसकट ताटात येतो. बाजारात सळईवर फिरताना दिसेल. आईंना त्या बाजूने नेऊ नका, एवढंच.

डॉक्टरीणबाई

कोणीच बाबांकडे लक्ष देत नाहीये म्हणून लिहिते.

ह्यूस्टन समुद्रसपाटीला, कीतो २,८५० मीटरवर. पहिले दोन दिवस डोकेदुखी, धाप, झोप न लागणं हे तरुणांनाही होतं. पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. जेवण हलकं, पाणी भरपूर, दारू नाही. उंचीची गोळी घ्यायची का हे बाबांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः बीपीची औषधं चालू असताना आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर. फोरमवर विचारून घेऊ नका, मला विचारूनही नको.

तेलेफेरिको ही केबल कार ३,१०० मीटरच्या आसपासून निघून जवळजवळ ४,००० मीटरवर सोडते. ती शेवटच्या दिवसांत करा आणि बाबांना श्वास नेहमीसारखा वाटत असेल तरच. कोतोपाक्सी ज्वालामुखीला जाणार असाल तर लिंपिओपुंगो तळ्यापर्यंतच. वरच्या निवाऱ्याची (४,८६४ मीटर) चढण त्यांच्यासाठी नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: यलो फीव्हर. इक्वेडोरमधून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत आई-बाबा भारतात उतरणार असतील तर लशीचं पिवळं कार्ड लागतं, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड लागू होतं. साठीनंतर ही लस डॉक्टरी सल्ल्यानेच. थोडे दिवस ह्यूस्टनला राहून मग परतणार असतील तर कार्डाचा प्रश्न येत नाही.

भटकी_मनी

डॉक्टरीणबाई, 🙏. ते दोघं मार्चपर्यंत आमच्याकडेच आहेत. व्हिसाचं कुणी सांगेल का? त्यांचे भारतीय पासपोर्ट.

ठिबकवाला

मी गेलो तेव्हा भारतीयांना व्हिसा लागत नव्हता, २०१९ मध्ये ती सवलत काढली. अमेरिकेचा व्हिसा असेल तर काय, हे थेट त्यांच्या वकिलातीला विचारा. इथल्या कुणाच्या सांगण्यावर तिकीट काढू नका, माझ्याही नाही.

शंकासुर

आता मूळ मुद्दा, विषुववृत्त. ते मिताद देल मुंदोचं ३० मीटर उंच स्मारक चुकीच्या जागी आहे हे माहिती आहे ना? खरी रेषा सुमारे २४० मीटर उत्तरेला आहे. पिवळ्या पट्टीवर एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो काढणारे सगळे दक्षिण गोलार्धातच उभे असतात. फ्रेंचांनी १७३६ मध्ये येऊन मोजलं आणि चुकले.

ठिबकवाला

अर्धं बरोबर. फ्रेंचांना उगाच बदनाम करू नका. ला कोंदामिन, बुगे, गोदँ ही मंडळी रेषा आखायला आलीच नव्हती. पृथ्वी न्यूटन म्हणतो तशी ध्रुवांकडे चपटी आहे की कासिनी म्हणतो तशी लांबट, हा वाद होता. त्यासाठी विषुववृत्तापाशी रेखांशावरच्या एका अंशाची लांबी मोजायची होती. दुसरी तुकडी लॅपलँडला गेली होती. अँडीजच्या डोंगरांत वर्षानुवर्षं साखळ्या ओढून त्यांनी जे मोजलं ते त्या काळच्या मानाने फार नेमकं होतं. न्यूटन जिंकला. आत्ताचं स्मारक तर १९७९ ते ८२ मधलं.

नेमक्या रेषेवर उभं राहायचं असेल तर कायांबेजवळ कित्सातोला जा. ५४ मीटर व्यासाचं जमिनीवरचं सूर्यघड्याळ, मधे दहा मीटरचा केशरी खांब, जीपीएसने जागा ठरवलेली. माझ्या खोलीपासून पंधरा मिनिटांवर होतं. ओताव्हालोच्या वाटेवरच पडतं. शनिवारी ओताव्हालोचा बाजार असतो तेव्हा एका दिवसात दोन्ही होतात. तिथले पुरुष लांब वेणी घालतात आणि बायका भरतकामाची पांढरी पोलकी. शाली-पोंचोंची घासाघीस करायला आईंना पुढे करा, भाषेची अडचण येणार नाही. वाटेत कायांबेला बिस्कोचो खातात, आपली खारीच, चीज आणि गोड दुधाच्या चटणीसोबत. (चरबीचं विचारा. अर्धा कप चहा बरोबर सांगतायत.)

कोरडा_कावळा

विषुववृत्तावर खिळ्याच्या डोक्यावर अंडं उभं राहतं, ते खरं का? मोरीतलं पाणीही न फिरता सरळ खाली जातं म्हणे.

शंकासुर

शेजारच्या एका खासगी संग्रहालयात हे खेळ करून दाखवतात. मजा आहे, विज्ञान नाही. हातभर बेसिनमध्ये पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम दिसण्याइतका मोठाच नसतो. पाणी कुठल्या बाजूने ओतलं त्यावर ते फिरतं. आणि अंडं कुठेही उभं राहतं, कवचाला बारीक खडबडीतपणा असतो आणि माणसाकडे संयम.

कोरडा_कावळा

तुम्ही पर्यटनाचे शत्रू आहात.

सुकट_बोंबील

सुरक्षिततेबद्दल कोणी बोललंच नाही. मागच्या वर्षी भर दुपारी सिटी बसमध्ये माझ्या जाकिटावर कुणीतरी सॉस सांडला, एक भला माणूस रुमाल घेऊन पुसायला आला आणि पुसून झालं तेव्हा फोन गेलेला. २०२४ च्या जानेवारीत तिकडे सरकारने टोळ्यांविरुद्ध लष्कर उतरवलं होतं, ते विसरू नका. सहकुटुंब जायची ही जागा नव्हे, असं माझं मत.

अर्धा_कप_चहा

फोन गेला ते वाईटच. पण जास्त झळ किनाऱ्याकडे, ग्वायाकिलला बसली. कीतोत मी मुंबई लोकलचेच नियम पाळले: पाठपिशवी पुढे, फोन आत, अंधार पडल्यावर अ‍ॅपवरून टॅक्सी. पानेसियो टेकडीवर पंख असलेल्या मेरीचा अ‍ॅल्युमिनियमच्या सात हजार तुकड्यांचा पुतळा आहे, तिथे चालत मुळीच जाऊ नका. टॅक्सी वर नेऊन थांबवून ठेवा. डिसेंबर २०२३ पासून मेट्रो चालू आहे, स्वच्छ आणि ४५ सेंटांत.

सुकट_बोंबील

तुमचं म्हणणं पटतं, फोन परत येत नाही.

पाटपाणी

लोडशेडिंगचं काय? गेल्या वर्षी फार होतं असं ऐकलं.

ठिबकवाला

२०२४ चा सप्टेंबर ते डिसेंबर. त्यांची बहुतेक वीज धरणांची, पाऊस दडला आणि काही दिवस चौदा-चौदा तास दिवे नव्हते. मित्रांचे फोन यायचे, "तुमच्या गावी हे कसं सहन करता?" मी म्हटलं, सवयीने. निघायच्या आधी बातम्या बघा.

आणि चलन अमेरिकन डॉलरच आहे, २००० सालापासून. १९९९ मध्ये बँका बुडाल्या, मग २५,००० सुक्रेंना एक डॉलर या भावाने सुक्रे गेला. पन्नास-शंभरच्या नोटा कुणी घेत नाही, सुट्टे न्या. अमेरिकेत कधी हातात न येणारं एक डॉलरचं नाणं तिथे रोजच्या व्यवहारात आहे.

मडगांवकार

३१ डिसेंबरला तिथे असाल तर रात्री बाहेर बघा. आन्यो व्हिएहो, म्हणजे जुनं वर्ष. कागद आणि लाकडाच्या भुशाचे म्हातारे करतात, पुढाऱ्यांचे मुखवटे लावतात आणि बारा वाजता जाळतात. त्या म्हाताऱ्याच्या 'विधवा' म्हणून पुरुष लुगडीबिगडी नेसून रस्ता अडवतात आणि रडून पैसे मागतात. आमच्या गोव्यात आणि वांद्र्यातही ओल्ड मॅन जाळतात आणि पोरं त्याच्या नावाने वर्गणी काढतात. पोर्तुगीज काय, स्पॅनिश काय, एकाच बिऱ्हाडातले.

अर्धा_कप_चहा

मडगांवकार, भारी आठवण! भटकी_मनी, अजून दोन गोष्टी राहिल्या. सान फ्रान्सिस्को बाजारात काही बायका 'लिंपिया' करतात, म्हणजे औषधी पाल्याच्या जुड्या आणि झोंबणारी खाजरी पानं अंगावरून झोडत नजर उतरवतात. हो, दृष्टच. आणि ला रोंदा गल्लीत लाकडी भोवरे मिळतात.

स्वयंपाकघर असलेलं घर भाड्याने घ्या आणि छोटा कुकर न्या! एवढ्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. मी उघड्या पातेल्यात तूरडाळ तीन तास शिजवली होती. शेवटी ती जिंकली.

भटकी_मनी

सगळ्यांना धन्यवाद, वाचनखूण साठवली. कुकर बॅगेत गेला. उरलेलं परत आल्यावर.

भटकी_मनी

(१९ जानेवारी) परत आलो. वचन दिल्याप्रमाणे वृत्तांत, जमेल तसा.

दहा दिवस जास्त झाले नाहीत. पहिला दिवस सगळे झोपलो. डॉक्टरीणबाई, बाबा ठणठणीत, डोकं माझंच ठणकलं. केबल कार नवव्या दिवशी केली. वर ढग, काहीही दिसलं नाही, बाबा खूश ("एवढ्या उंचावर मी कधीच काही बघितलं नव्हतं").

सगळ्यात रमलो ते जुन्या शहरात. चार सकाळी गेलो. कांतुन्याचा दगड दिवट्याला तीन ठिकाणी सापडला. आई ला कोम्पान्यियात शिरली आणि पहिलं वाक्य, "हे पुसतं कोण?"

क्रूझ व्हेर्देपाशी एका जुन्या दुकानात कोलासिओनेस करताना बघितले. कोळशाच्या शेगडीवर दोरीने टांगलेली मोठी परात, त्यात शेंगदाणे, वरून पाक, आणि माणूस ती सतत झुलवतोय. आई थबकलीच. हा आपला संक्रांतीचा हलवा! तिने त्या काकांना खुणांनी सांगितलं की आमच्याकडे खसखशीवर करतात आणि काटा यावा लागतो. त्यांनी खुणेनेच सांगितलं की काटा यायला थंड दिवस लागतो, नाहीतर नुसता गोळा होतो. निदान आईने तसा अर्थ लावला. दोघं वीस मिनिटं बोलत होते. यंदाच्या संक्रांतीला ह्यूस्टनमध्ये कीतोचा हलवा वाटला.

खाण्यात पहिला नंबर शेंगदाण्याच्या सालसाचा. गुरुवारी बटाटा आणि ती सालसा, उपवास राजेशाही झाला. साधं मेन्यू जेवण, अल्मुएर्सो, सूप, भात, भाजी, रस धरून माणशी साडेतीन डॉलरात. दोनदा "शाकाहारी" सूपमध्ये चिकनचे तुकडे निघाले, दोन्ही वेळा बाबांनी शांतपणे आईची वाटी आपल्याकडे ओढली. मला संशय आहे की दुसऱ्यांदा त्यांनी मुद्दाम आईला तेच मागवायला लावलं.

लिंपियाला आईने ठाम नकार दिला. "माझी दृष्ट मी काढते." बाबांनी करून घेतली. दिवसभर अंग खाजत होतं.

सुकट_बोंबील, काही चोरीला गेलं नाही. कुकरची शिट्टी मात्र तिकडेच विसरलो.

ठिबकवाला

कित्सातोला गेलात का?

भटकी_मनी

गेलो! आणि मिताद देल मुंदोलाही, कारण शाळेत फोटो तिथलाच ओळखतात. दिवट्याने दोन्ही ठिकाणी उभं राहून मित्रांना सांगितलंय की पहिला फोटो खोटा आहे. आता त्याच्याशी कुणी बोलत नाही.

शंकासुर

माझा शिष्य शोभतो.

कोरडा_कावळा

आणि अंडं? अंडं उभं राहिलं का?

भटकी_मनी

राहिलं. मी प्रयत्न केला, जमेना. नवऱ्याचं घरंगळून फुटलं. मग आई, जिने जन्मात अंड्याला हात लावला नव्हता, ती पदर खोचून पुढे झाली आणि दुसऱ्या मिनिटाला खिळ्यावर अंडं उभं. तिथल्या मुलीने तिला प्रमाणपत्र दिलं.

काल तिने डोंबिवलीच्या भिशीच्या ग्रुपवर व्हिडिओ कॉल केला आणि आमच्या ह्यूस्टनच्या ओट्यावर परत उभं करून दाखवलं. शंकासुर, तुम्हाला नमस्कार सांगितलाय. सोवळ्याच्या बाजूला अंडं ठेवलं म्हणून बाबा रुसलेत.